बाटलीवाले शेटजी आणि ओसरीवरची बशी

दिवेआगरच्या आमच्या घरी ओसरीवरच्या फडताळात एक चिनी बशी आहे. काठाला गुलाबी फुले, मध्ये पंखा घेतलेली बाई. आजोबा मुंबईत एका पारशी पेढीवर कारकून होते. त्या घरचे सामान विकायला निघाले तेव्हा त्यांनी ती आणली. आजीने तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिले नाही. लोणच्याच्या बरण्या चालत, बशी चालत नसे; हा सोवळ्याचा न्याय मला आजवर कळलेला नाही. बशी सुपारी ठेवायला ओसरीवरच राहिली.

बँकेत हयात गेल्यामुळे वस्तू पाहिली की ती कशाच्या बदल्यात आली, हे मनात येतेच. त्या प्रश्नाने मला सर जमशेटजी जीजीभाईंपर्यंत नेले. ही बशी त्यांच्याच जहाजातून आली असे मी म्हणत नाही. पण अशा बशा ज्या वाटेने मुंबईला आल्या, त्या वाटेवर त्यांनी पाच फेऱ्या केल्या होत्या.

जन्म 1783 चा. सोळा वर्षांचे असताना आईवडील गेले, तेव्हा ते मुंबईत रिकाम्या बाटल्यांचा धंदा करणाऱ्या मामांकडे आले. आडनावही काही काळ बाटलीवाला असेच लागले. 1803 मध्ये मामांची मुलगी अवाबाई हिच्याशी लग्न झाले. इंग्रजी कामापुरते, भांडवल जवळपास नाही, आणि हा मुलगा कॅन्टनला निघाला!

मुंबईहून कापूस जाई. परतताना रेशीम, साखर आणि तळाशी चिनी मातीची भांडी. ओल लागली तरी त्यांचे बिघडत नाही. पांढरी भांडी दूर जिंगडेझेनच्या भट्ट्यांत भाजून कॅन्टनला येत आणि तिथले चितारी परदेशी गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे त्यांवर हाताने रंग भरत. एकाच बशीवर एकाने फुले काढावीत, दुसऱ्याने माणसे, अशी कामाची वाटणी असे. आमच्या बशीतली बाई नीटस आहे, फुले जरा घाईत उरकलेली दिसतात.

1805 च्या प्रवासात फ्रेंचांनी सिलोनजवळ त्यांचे ‘ब्रन्सविक’ जहाज पकडले आणि केप ऑफ गुड होपला नेले. माल गेला, पण जहाजावरचा तरुण डॉक्टर विल्यम जार्डिन मित्र झाला. पुढे जार्डिन कॅन्टनचा बडा व्यापारी झाला आणि जमशेटजी त्याचे मुंबईतले मोठे भागीदार. आता कापसाबरोबर माळव्याची अफू जाऊ लागली. चीनमध्ये तिला बंदी होती, म्हणून ती चोरून उतरवली जाई. 1839 मध्ये चिनी अधिकारी लिन झेश्यू यांनी वीस हजारांवर पेट्या नष्ट केल्या. त्यांत मुंबईकरांचाही माल होता. मग युद्ध झाले. चीन हरला.

त्याच 1842 साली जमशेटजी ‘सर’ झाले. हा मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. 1845 मध्ये जे. जे. रुग्णालय उभे राहिले. माहीम आणि वांद्रे यांच्यामधल्या खाडीत होड्या बुडून माणसे जात. तिथे पूल बांधायला अवाबाईंनी दीड लाखावर रुपये दिले आणि जाणाऱ्यायेणाऱ्यांकडून पट्टी घ्यायची नाही, अशी अट घातली. पुढे कलाशाळाही त्यांच्याच नावाने निघाली. 1859 मध्ये ते वारले.

माझ्या वडिलांवर मी शाळेत असताना जे. जे.मध्येच उपचार झाले. आई रोज दिवेआगरच्या सुपारीची पुरचुंडी घेऊन जाई, परिचारिकांना द्यायला. वडील चालत घरी आले आणि पुढे तीस वर्षे जगले. खातेवहीत हे कुठल्या बाजूला लिहू? अफूच्या पैशाने कँटनच्या कुठल्या घरातला बाप गेला असेल, त्याची नोंद माझ्याकडे नाही.

दिवाळीत नात आली होती. बशी हातात धरून म्हणाली, आजोबा, ही कुणी रंगवली? मी तिला भट्ट्या, चितारी, फ्रेंचांनी पकडलेले जहाज, सारे रंगवून सांगितले. अफूचे तेवढे सांगितले नाही. मे महिन्यात ती पुन्हा येणार आहे.