इंदिरा गांधी : सत्ता आणि संविधान

पैठणच्या जायकवाडी धरणाचे उद्घाटन २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. आपल्या शहराची तहान आज हेच धरण भागवते. त्या दिवशी मात्र देशात आणीबाणी होती. या चरित्राच्या दोन्ही बाजू आम्हाला विद्यार्थ्यांपुढे ठेवावयाच्या आहेत.

१९ नोव्हेंबर १९१७ रोजी अलाहाबादेत जन्मलेल्या इंदिराजींचे काही शालेय शिक्षण पुण्यातील निवासी शाळेत झाले. १९५९ साली त्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या आणि २४ जानेवारी १९६६ रोजी पंतप्रधान. १९६९ मध्ये त्यांनी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण केले. त्याच वर्षी पक्ष फुटला. १९७१ मध्ये जनतेने त्यांच्या पक्षाला लोकसभेच्या ३५२ जागा दिल्या. संस्थानिकांचे तनखे बंद झाले, बांगलादेश स्वतंत्र झाला.

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांची निवडणूक रद्द ठरविली आणि २५ जूनला आणीबाणी आली. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा याच काळातला. अस्पृश्यताविरोधी कायदाही तेव्हाच कडक झाला. परंतु समता व जीवितस्वातंत्र्य यांसाठी न्यायालयात दाद मागण्याचा अधिकारच स्थगित झाला होता. दाद मागण्याच्या हक्काला बाबासाहेबांनी संविधानाचा आत्मा मानले होते. दुर्बलांच्या हाती कायदा द्यावा आणि न्यायालयाचे दार बंद करावे, ही विसंगती आम्हास आजही अस्वस्थ करते.

मार्च १९७७ मध्ये मतदारांनी त्यांना रायबरेलीतच पराभूत केले. त्याच वर्षी बिहारमधील बेलछीच्या दलित हत्याकांडानंतर त्या चिखलपाण्यातून, हत्तीवर बसून पीडितांपर्यंत पोहोचल्या. १९८० मध्ये सत्ता परत मिळाली. तरीही त्यांच्या सुमारे सोळा वर्षांच्या कारकिर्दीत धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या नाहीत. त्या १९९० साली मिळाल्या. जून १९८४ मध्ये सुवर्णमंदिरात लष्कर गेले. ३१ ऑक्टोबरला अंगरक्षकांनीच त्यांची हत्या केली, आणि त्यानंतर निरपराध शिखांचे रक्त सांडले.

राजकारणातील विभूतिपूजेचा धोका बाबासाहेबांनी संविधान सभेत स्पष्ट केला होता. इंदिराजींच्या धैर्याचा आम्ही आदर करतो. पण त्यांचे मूल्यमापन संविधानाच्याच कसोटीवर करतो. १९७७ साली सामान्य मतदाराने तेच केले होते. या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या हाती ती कसोटी असावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.