कटगुणच्या गोऱ्ह्यांचा जोती आणि गावचं गायरान

डिसेंबर संपत आला की आमच्या बचत गटाच्या बायकांना नायगावचे वेध लागतात. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जन्मगावी जायचं, म्हणजे जायचंच. विट्याहून गाडी ठरते, भाकऱ्या-ठेच्याचं गाठोडं होतं. या खेपेला मी हट्ट धरला की वाट थोडी वाकडी करू. सावित्रीबाईंच्या माहेरी जातोच आहोत, तर तिच्या सासरचं मूळ गावही बघू. म्हणून मायणी, वडूज करत पुसेगावजवळच्या कटगुणला निघालो. वाटेत येरळेची संगत होतीच. खटावच्या डोंगरात उगवणारी ही नदी पुढे आपल्या सांगलीकडे उतरते.

गाडीत खिडकीशी आमच्या गटातल्या सगळ्यांत थोरल्या मावशी बसल्या होत्या. माणदेशी उघड्या टेकड्या बघत होत्या, बोलत नव्हत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या की दिवाळीच्या आधी चारही शेळ्या विकल्या. गावच्या गायरानावर रोपं लावली, तारेचं कुंपण पडलं, आणि शेळी चारायला जागाच उरली नाही. झाडं लावली याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. आपल्याला कुणी काही विचारलंच नाही, हे मनाला लागलं होतं.

मला एकदम जोतीराव आठवले. मी मावशींना सांगितलं की हेच गाऱ्हाणं एका माणसाने १८८३ साली लिहून ठेवलंय, आणि आपण आता त्याच्याच गावाला चाललोय. मग पुसेगाव येईपर्यंत गाडीत जोतीरावांचीच कथा चालली.

मुळात हे घराणं गोऱ्ह्यांचं, कटगुणचं. पणजोबा गावचे चौगुले होते. कुलकर्ण्याशी वाकडं आलं म्हणून त्यांनी गाव सोडलं असं सांगतात. पुरंदरातल्या खानवडीला काही काळ काढला. आजोबा शेटीबा पुण्याला आले. त्यांची मुलं फुलांच्या कामात इतकी तरबेज निघाली, की पेशव्यांकडे फुलं पुरवण्याचं काम मिळालं, पस्तीस एकर जमीन इनाम मिळाली आणि गोऱ्हे मागे पडून फुले हेच आडनाव झालं. ११ एप्रिल १८२७ ला जोतीचा जन्म झाला. आई चिमणाबाई तो वर्षाचा व्हायच्या आतच गेली. सगुणाबाई क्षीरसागरांनी त्याला सांभाळलं. १८४० साली नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची सावित्री त्यांच्या घरात आली.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. १८४८ ची मुलींची शाळा, अंगावरचं शेण-चिखल, घर सोडणं, विधवांसाठी आणि त्यांच्या बाळांसाठी उघडलेलं घर, सर्वांसाठी खुला केलेला पाण्याचा हौद, १८७३ चा सत्यशोधक समाज. दरवर्षी भाषणात आपण हे ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. पण जोतीराव शेतीतले आणि डोंगरातलेही जाणकार होते, हे फारसं कुणी सांगत नाही. खरं सांगते, बी.ए.ला मराठी घेऊनसुद्धा मला ते माहीत नव्हतं. 'शेतकऱ्याचा असूड' मी चाळिशीत वाचला, तोही एका कार्यक्रमात बक्षीस मिळाला म्हणून!

जोतीराव नुसते मास्तर नव्हते, कंत्राटदार होते. कात्रजच्या बोगद्याच्या कामाला त्यांनी माल पुरवला, खडकवासल्याच्या धरणाशीही त्यांचा कंत्राटदार म्हणून संबंध आला. डोंगर फोडताना काय होतं, पाणी कुठून कुठे जातं, मजुराच्या भाकरीला किती घाम लागतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. कालव्याचं पाणी आलं तेव्हा मांजरीच्या बाजूला त्यावर शेती करून दाखवली. घराणं माळ्याचं, त्यामुळे मातीशी नातं होतंच.

मग १८७६-७७ चा दुष्काळ आला. सातारा, सांगली, सोलापूरकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात त्याची आठवण कितीतरी वर्षं राहिली. जोतीराव-सावित्रीबाई आणि सत्यशोधक मंडळींनी धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी आश्रम काढला. सावित्रीबाई जुन्नर भागात फिरून मदत गोळा करत होत्या. अशा दिवसांत गरिबाला रान वाचवतं. शेतात काही नसलं तरी रानात उंबर असतात, जांभळं असतात, कंदमुळं असतात. आणि नेमकं दुष्काळ सरतो न सरतो तोच, १८७८ साली इंग्रज सरकारने जंगलाचा कडक कायदा आणला. रेल्वेला स्लीपर हवे होते, सागवान हवं होतं. त्यासाठी डोंगर राखीव झाले, आणि राखीव म्हणजे गावाने पाऊल टाकायचं नाही.

'असूड' १८८३ साली लिहून झाला. सुरुवातीची प्रकरणं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या 'दीनबंधु'त आली, पुढची मात्र तिथे छापली गेली नाहीत. लोखंडे त्यांचेच सहकारी, तरी त्यांचाही हात आखडला, इतकी भाषा धारदार होती. जोतीरावांनी मग गावोगावी माणसं जमवून प्रकरणं वाचून दाखवली. बडोद्याच्या सयाजीरावांनाही ऐकवली.

त्यातला जंगलाचा भाग मी आपल्या शब्दांत सांगते. ज्याच्याकडे जमीन थोडी, त्याचं पूर्वी कसं भागायचं? जवळच्या डोंगरातून फळं, पानं, पळसाची-मोहाची फुलं आणायची, वाळल्या फांद्या आणायच्या, त्या विकून मीठ-मिरचीला पैसा करायचा. गायरानाच्या भरवशावर एखादी गाय, दोन शेळ्या पाळायच्या. सरकारी जंगलखात्याने डोंगर, दऱ्या, पडीक रानं आणि गावची गायरानंसुद्धा आपल्या हद्दीत ओढली. शेतकऱ्याच्या शेळीला रानातली हवा खायलाही जागा ठेवली नाही, असा त्यांचा संताप आहे. मी हे सांगितलं तेव्हा मावशींनी माझ्याकडे वळून बघितलं. माझ्या शेळीचं त्याला कसं ठाऊक, असाच तो चेहरा.

डोंगर आणि शेत यांचं नातंही त्यांनी नीट ओळखलं होतं. डोंगरावरचं गवत, पालापाचोळा, मेलेल्या जिवांची मांस-हाडं कुजायची आणि पावसाच्या पाण्याबरोबर तो कस खाली शेतात उतरायचा, म्हणून जमीन पिकायची. जैवविविधता हा शब्द तेव्हा जन्मलाही नव्हता. पण एका किड्यापासून जोंधळ्याच्या कणसापर्यंतची साखळी या माणसाने पाहिली होती. पाणी आधी शेतात मुरावं आणि मग ओढ्याला जावं, यासाठी रिकाम्या वेळात शिपायांकडून, पोलिसांकडून ताली-बंधारे बांधून घ्या, असं त्यांनी सरकारला सुचवलं.

जंगलखात्याची होळी करा, इतकं ते चिडून लिहितात. नुसतं एवढंच वाचलं तर वाटेल की झाडं तोडायला मोकळीक मागतायत. तसं नाही बरं का! गायरानं गावांना परत द्या, गरिबाला सरपण घेऊ द्या, पण विकण्यासाठी इमारती लाकूड तोडायला सक्त बंदी करा, असं त्यांचं म्हणणं. चुलीपुरतं घेणं आणि धंद्यासाठी तोडणं यांतला फरक त्यांनी कायद्यात मागितला होता. रानडुकरांनी पीक खाल्लं तर शेतकऱ्याचं काय, हाही प्रश्न त्यांनी सोडला नाही. सरकारने एक तर त्याला राखणीची साधनं ठेवू द्यावीत, नाही तर नुकसान भरून द्यावं. आज आपल्याकडे सागरेश्वरच्या आसपास हरणं पिकात शिरली की हाच वाद निघतो.

इथे मला मात्र थोडं थांबावंसं वाटतं. खातंच नसतं तर कोयना-चांदोलीचं रान उरलं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारते. २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्यात आपल्या सातारा-सांगलीचे डोंगर आहेत. पण तिथून उठलेल्या गावांतल्या बायकांनाही मी भेटले आहे. सपाटीवर येऊन त्यांना चुलीचं लाकूड, औषधाचा पाला, सगळंच विकत घ्यावं लागलं. उलट बाजूने सागरेश्वर बघा. बोडक्या डोंगरावर लोकांच्या रेट्याने, वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासाने रान उभं राहिलं आणि १९८५ मध्ये अभयारण्य झालं. म्हणजे माणसं मनावर घेतात तेव्हा रान वाढतंही.

जोतीराव १८८८ मध्ये अर्धांगाने अंथरुणाला खिळले. डाव्या हाताने लिहून 'सार्वजनिक सत्यधर्म' पुरा केला आणि २८ नोव्हेंबर १८९० ला गेले. जंगलाच्या कायद्याविरुद्धची धग गेली नाही. १९३० साली शिराळा तालुक्यातल्या बिळाशीला, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, जंगल सत्याग्रह पेटला. त्यात बायाही मागे नव्हत्या.

आता कायदा निराळी भाषा बोलतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती सांगितली. गावातली झाडं, पाखरं, बियाणं, औषधी पाला आणि त्यांची माहिती असलेली माणसं यांची नोंदवही करायची, गावाला विचारून करायची. २००४ च्या नियमांत समितीत एक तृतीयांश बायका हव्यात असंही लिहिलं. जोतीरावांनी मागितलं ते निदान कागदावर आलं! पुढे हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली, तेव्हा सगळीकडे एकच घाई झाली. एका गावात (नाव नाही सांगत) मी स्वतः बघितलं. खोलीत बसून दोन दिवसांत वही भरली. रानभाज्यांच्या पानावर नावं होती सहा. ती सांगणारी बाई एकही नव्हती, आणि समितीत असलेल्या दोघींना आपण समितीत आहोत हेच माहीत नव्हतं.

कटगुणला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. जोतीरावांच्या स्मारकाला फूल वाहिलं. बाकीच्या फोटो काढत होत्या आणि मावशी दिसेनात. बघते तर शेजारच्या हरभऱ्याच्या बांधावर वाकून पाथरी खुडत होत्या, ओटीत भरत होत्या. मी वही काढली आणि विचारायला लागले. पाथरी, घोळ, चिवळ, तांदुळजा, कुर्डू, पावसाळ्यात टाकळा. कोणती कुठे उगवते, कोणती बाळंतिणीला देत नाहीत, कोणती तारेच्या आत गेली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

नायगाव येईपर्यंत माझ्या वहीत एक्केचाळीस नावं झाली. पुढच्या महिन्यात मावशींच्या ग्रामपंचायतीत जाऊन नोंदवही मागायची, असं गाडीतच ठरलं. मावशी म्हणाल्या, सरपंचाला बोलायचं तर त्या स्वतः बोलतील, मी फक्त वही घेऊन बसायचं.