पार्थिव न आलेला वीर : नाईक यशवंत घाडगे

पनवेलच्या खांदा कॉलनीतून रविवारी पहाटे कोकणाकडे निघणाऱ्या दुचाकीस्वारांना मुंबई-गोवा महामार्ग नवा नाही. पळस्पे फाटा मागे पडला की पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड आणि मग सुमारे शंभर किलोमीटरवर माणगाव. तेथे तहसील कार्यालयाजवळ एका सैनिकाचा पुतळा उभा आहे. चहासाठी थांबणाऱ्यांपैकी फार थोड्यांची नजर त्याकडे जाते. हा पुतळा नाईक यशवंत घाडगे यांचा. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या भूमीवर ते धारातीर्थी पडले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. रायगड जिल्ह्याच्या या सुपुत्राचे पार्थिव मात्र कधीच घरी आले नाही.

अलीकडे वीरमरण आलेल्या जवानाचे पार्थिव गावी आणले जाते तेव्हा फुलांनी सजवलेल्या लष्करी वाहनापुढे तरुण दुचाकीस्वारांची रांग दिसते. हातात तिरंगा, मंद वेग आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हात जोडून उभे असलेले नागरिक. या तरुणांना कोणी हुकूम दिलेला नसतो. जवानाशी त्यांची ओळखही नसते. हे दृश्य आपल्या इतके परिचयाचे झाले आहे, की ज्यांच्या वाट्याला हा निरोप आला नाही अशा सैनिकांचा विचार मनात येत नाही. यशवंत घाडगे हे अशांपैकी एक.

१६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे त्यांचा जन्म झाला. तेव्हा हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई. रायगड हे नाव त्याला १९८१ मध्ये मिळाले. भातशेती, डोंगरउतार आणि चार महिन्यांचा धुवाधार पाऊस असा हा मुलूख. पीक हाती लागल्यावर उरलेले वर्ष काढायचे कसे, हा प्रश्न येथे घरोघरी असे. काही जण मुंबईच्या गिरणीची वाट धरत, काही जण पलटणीची. शेजारच्या महाड तालुक्यातील एका गावाचे नावच फौजी आंबवडे पडले, इतकी ही दुसरी वाट रुळलेली होती. यशवंतरावांनीही तीच धरली. ते पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये दाखल झाले. या रेजिमेंटची परंपरा १७६८ मध्ये उभारलेल्या पलटणीपर्यंत मागे जाते.

तो काळ सैनिकासाठी सरळ नव्हता. १९४२ मध्ये मुंबईच्या गवालिया टँक मैदानावरून चले जाव चळवळीची हाक उठली होती. एकीकडे देश इंग्रजांना निघून जाण्यास सांगत होता आणि दुसरीकडे याच देशाचे सुमारे पंचवीस लाख सैनिक इंग्रजांच्या झेंड्याखाली जगभर लढत होते. सक्तीची भरती नसतानाही एवढे मोठे सैन्य उभे राहिले, याची नोंद इतिहासाने घेतली आहे. परंतु त्या भरतीमागे पराक्रमाच्या ओढीइतकीच पोटाची निकडही होती, हे विसरून चालणार नाही.

इटलीच्या मोहिमेत भारतीय लष्कराच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या या तीन डिव्हिजन उतरल्या. तिसरी मराठा बटालियन दहाव्या डिव्हिजनमध्ये होती. ४ जून १९४४ रोजी दोस्त सैन्याने रोममध्ये प्रवेश केला, पण युद्ध संपले नाही. जर्मन सैन्य उत्तरेकडे हटत होते आणि हटताना प्रत्येक टेकडी, प्रत्येक वळण अडवून धरत होते. रोममधून वाहणारी टायबर नदी जेथे वरच्या अंगाला डोंगररांगांतून खाली येते, त्या खोऱ्यात उंबेर्तिदे, मोन्तोने, चित्ता दी कास्तेल्लो या गावांच्या परिसरात जुलै महिन्यात भारतीय सैनिक एकेक उंचवटा काबीज करत पुढे सरकत होते.

१० जुलै १९४४. मराठा बटालियनची एक कंपनी शत्रूच्या भक्कम ठाण्यावर चालून गेली. त्या कंपनीतील एका सेक्शनचे नेतृत्व नाईक यशवंत घाडगे यांच्याकडे होते. सेक्शन म्हणजे जेमतेम दहा-एक जणांची तुकडी. अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि काही क्षणांत तुकडीतील प्रत्येक जण ठार किंवा जखमी होऊन पडला. उभे राहिले ते एकटे यशवंतराव. वय अवघे बावीस वर्षांचे.

माघार घेतली असती तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. ते मात्र एकटेच त्या मशीनगनवर धावून गेले. प्रथम त्यांनी हातगोळा फेकून तोफा थंडावतात तशी ती मशीनगन गप्प केली. मग आपल्या टॉमीगनने तिच्यावरील एकाला गोळी घातली. गोळ्या संपल्या आणि नवे मॅगझिन चढवायला उसंत नव्हती. तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याचे घाव घालत त्यांनी उरलेल्या दोघांना ठार केले. ठाणे हाती आले. एवढ्यात लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत शिरल्या. एकट्याने जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला.

नोव्हेंबर १९४४ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. १९४५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते त्यांच्या पत्नीने ते पदक स्वीकारले. घरी आले ते पदक. देह आला नाही, चिताही पेटली नाही. त्यांच्या अंत्यस्थानाची नोंद नाही. रोमच्या दक्षिणेला कासिनो येथे एक स्मारक आहे. इटलीत ज्यांची समाधी सापडली नाही अशा राष्ट्रकुलातील चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे तेथे कोरलेली आहेत. त्यांत एक नाव पळसगावच्या या तरुणाचे आहे.

इटलीत लढलेल्या भारतीयांची संख्या पन्नास हजारांच्या घरात जाते. त्यांपैकी ५,७८२ जण परतले नाहीत. त्या मोहिमेत सहा व्हिक्टोरिया क्रॉस भारतीय लष्कराच्या सैनिकांना मिळाले. त्यांतील दोन या एकाच रेजिमेंटचे. दुसरे मानकरी नामदेव जाधव सुदैवाने परत आले. यशवंतरावांच्या वाट्याला ते भाग्य नव्हते.

स्वातंत्र्यानंतर या सैनिकांची अवस्था विचित्र झाली. ज्या साम्राज्यासाठी ते लढले ते येथून निघून गेले आणि स्वतंत्र देशाच्या वीरगाथेत त्यांना सहज जागा मिळेना. ते स्वातंत्र्यसैनिक नव्हते, तसे देशद्रोहीही नव्हते. माणगावकरांनी पुतळा उभारून आपले ऋण मान्य केले. पण जिल्ह्याबाहेर, किंबहुना आपल्या पनवेलमध्येही, हे नाव किती जणांच्या ओठी आहे?

दूरच्या इटलीने मात्र आठवण ठेवली. जुलै २०२३ मध्ये मोन्तोने गावात नाईक यशवंत घाडगे यांच्या नावाने स्मारक उभे राहिले. ते एक सूर्यघड्याळ आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असा त्यावरील लॅटिन वचनाचा आशय. ज्या गावाच्या परिसरातील मातीत त्यांचे रक्त सांडले, त्या गावाने झेंडा कोणता होता हे विचारले नाही.

सैनिकाला निरोप देणे हे सरकारी कर्तव्य असतेच. बंदुकांची सलामी, बिगुलाचे सूर आणि घडी घालून कुटुंबाच्या हाती दिलेला तिरंगा ही लष्कराची रीत आहे. भारतात १९९९ च्या कारगिल युद्धापासून पार्थिव गावापर्यंत पोहोचवण्याची पद्धत रूढ झाली. त्यापूर्वी बहुतेकदा रणभूमीजवळच अंत्यसंस्कार होत. पार्थिव गावी येऊ लागले आणि शासकीय इतमामाला लोकांच्या निरोपाची जोड मिळाली. अमेरिकेत २००५ मध्ये कॅन्सास राज्यातील दुचाकीस्वारांनी पेट्रियट गार्ड रायडर्स ही संघटना सुरू केली. सैनिकांच्या अंत्यविधीच्या ठिकाणी घोषणा देणाऱ्या निदर्शकांपासून शोकाकुल कुटुंबांना आडोसा द्यावा, हा तिचा हेतू. कुटुंबाने बोलावले तरच जायचे, हा त्यांचा नियम. आपल्याकडील उत्साही तरुणांनीही तो ध्यानात ठेवावा. हॉर्न आणि घोषणांपेक्षा मंद वेगाने, मान खाली घालून केलेली सोबत त्या घराला अधिक आधार देते.

पेट्रियट गार्डचे स्वार कुटुंबाच्या निमंत्रणावरून जातात. यशवंतरावांसाठी असे निमंत्रण कधी निघालेच नाही, कारण अंत्ययात्राच निघाली नाही. तरीही खांदा कॉलनीतून माणगावपर्यंतचा रस्ता तोच आहे. १० जुलैला ऐन पावसाळा असतो. त्या दिवशी दहा-वीस दुचाक्या त्या पुतळ्यापाशी थांबल्या, इंजिने बंद झाली आणि भिजत का होईना दोन मिनिटे सारे निःशब्द उभे राहिले, तर १९४४ पासून राहून गेलेला निरोप त्यांना मिळेल.