पॉड्रिग ओ'कीफ

पॉड्रिग ओ'कीफ (१८८७–१९६३) हे आयर्लंडमधील केरी काउंटीचे पारंपरिक फिडलवादक आणि संगीतशिक्षक होते. आयर्लंडच्या नैर्ऋत्येकडील श्लीव लूखरा या प्रदेशाच्या संगीतशैलीचे ते सर्वांत प्रभावी गुरू मानले जातात. प्राथमिक शाळेतील मुख्याध्यापकाची नोकरी गमावल्यानंतर त्यांनी चार दशके गावोगाव पायी फिरून शेतकऱ्यांच्या मुलांना फिडल शिकवले. त्यासाठी त्यांनी स्वतःची एक सोपी स्वरलेखनपद्धती वापरली. खेडोपाडी फिरून विद्या देणाऱ्या जुन्या फिडलगुरूंच्या परंपरेतील ते अखेरचे मोठे नाव होय.

फिडल आणि व्हायोलिन हे वस्तुतः एकच वाद्य आहे. लोकसंगीतात वाजवल्या जाणाऱ्या व्हायोलिनला फिडल म्हणण्याची प्रथा आहे. धरण्याची पद्धत, गज चालवण्याची रीत आणि वाजवल्या जाणाऱ्या धुनांचे स्वरूप यांमुळे त्याचा नाद मैफलीतील व्हायोलिनहून वेगळा वाटतो.

प्रदेशाची पार्श्वभूमी

श्लीव लूखरा या आयरिश नावाचा अर्थ 'लव्हाळ्यांचा डोंगर' असा होतो. केरी आणि कॉर्क या दोन काउंटींच्या सीमेवरचा हा पाणथळ, डोंगराळ मुलूख आहे. त्याला शासकीय हद्द नाही. कॅसलआयलंड, स्कार्टाग्लिन, ग्नीवगिला, बॅलीडेसमंड, रथमोर ही त्या भागातील प्रमुख गावे. जमीन निकृष्ट आणि शेते लहान असल्याने येथील कित्येक पिढ्यांनी इंग्लंड आणि अमेरिकेची वाट धरली. या दरिद्री मुलखाची साहित्यपरंपरा मात्र संपन्न होती. आयरिश भाषेतील ईगान ओ'राहिली आणि ओवेन रू ओ'सुलिव्हन हे दोन श्रेष्ठ कवी याच परिसरातले.

येथील संगीत मुख्यतः नृत्यासाठी होते. चार जोडप्यांनी चौकोनात उभे राहून करावयाचा 'सेट' हा नाच घरांच्या स्वयंपाकघरांत आणि चौरस्त्यांवर रंगत असे. त्यासाठी द्रुत लयीतील पोल्का आणि स्लाइड हे प्रकार लागत. आयर्लंडच्या इतर भागांत रील या प्रकाराला अग्रस्थान होते, तर श्लीव लूखरात पोल्का आणि स्लाइड यांचे राज्य होते.

जन्म आणि बालपण

ओ'कीफ यांचा जन्म १८८७ साली कॅसलआयलंडजवळील ग्लाउंटेन येथे झाला. वडील जॉन ओ'कीफ गावच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक होते. आई मार्गारेट ही कॉर्कच्या सीमेकडील किसकीमजवळच्या डून येथील ओ'कॅलहन घराण्यातली. या घराण्यात संगीत होते. बालपणीचा काही काळ पॉड्रिग आजोळी राहिले. तेथे मामा कॅल ओ'कॅलहन यांच्याकडून त्यांना फिडलचे संस्कार मिळाले. पुढे त्यांनी वाजवलेल्या आणि शिकवलेल्या अनेक धुना या मामांकडून आलेल्या होत्या.

वडिलांच्या घरी पुस्तकी शिक्षण आणि शिस्त, तर मामांच्या घरी वाद्य आणि नाच, अशा दोन वातावरणांत त्यांची घडण झाली. या दोहोंचा मेळ त्यांच्या पुढील आयुष्यात एका अनपेक्षित रीतीने बसला.

शाळेतील नोकरी

शिक्षकाचे प्रशिक्षण घेऊन ओ'कीफ ग्लाउंटेनच्या शाळेत वडिलांच्या जागी मुख्याध्यापक झाले. त्या काळी गावचा शिक्षक म्हणजे निश्चित पगार, राहते घर आणि धर्मगुरूच्या खालोखाल मान. ओ'कीफ यांचे मन मात्र त्या चाकोरीत रमले नाही. रात्री उशिरापर्यंत चालणारे नाच, संगीताच्या बैठकी आणि मद्यपान यांमुळे शाळेतील कामाकडे दुर्लक्ष होऊ लागले. शाळांचा कारभार स्थानिक धर्मगुरूंच्या व्यवस्थापनाखाली चाले, आणि वर्तनाविषयीच्या अपेक्षा कठोर होत्या. अखेर १९२० साली त्यांना नोकरीवरून दूर करण्यात आले. त्या वेळी त्यांचे वय तेहतीसच्या आसपास होते. पुन्हा शाळेत नोकरी करण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही.

फिरते संगीतगुरू

यानंतर फिडल शिकवणे हाच त्यांचा चरितार्थ झाला. केरी आणि कॉर्कच्या सीमेवरील विस्तीर्ण टापूत ते पायी फिरत. ठरावीक घरी ठरावीक दिवशी जावे, मुलांना शिकवावे, जेवण आणि थोडीशी फी घ्यावी आणि पुढच्या गावाची वाट धरावी, असा त्यांचा क्रम होता. स्वतःचे फिडल बहुधा बरोबर नसे. ज्या घरी जात, तेथे असेल ते वाद्य ते हाती घेत.

अशा गुरूंची परंपरा त्या भागात आधीपासून होती. बॅलीडेसमंडकडचे अंध फिडलवादक टॉम बिली मर्फी हे त्यांचे समकालीन गुरू होते. ओ'कीफ या परंपरेत आले ते प्रशिक्षित शिक्षक म्हणून. मुलाची कुवत ओळखणे, पाठाचे लहान भाग पाडणे आणि धडा कागदावर उतरवून देणे या वर्गातल्या सवयी त्यांनी शेतघरांत आणल्या.

ते आजन्म अविवाहित राहिले. मिळकत तुटपुंजी होती आणि त्यातला मोठा भाग मद्यावर खर्च होई. स्कार्टाग्लिन येथील लायन्स यांचे मद्यगृह हे त्यांचे नेहमीचे ठिकाण होते. त्यांची विनोदबुद्धी आणि हजरजबाबीपणा यांच्या आख्यायिका त्या परिसरात आजही सांगितल्या जातात. या आख्यायिकांमुळे त्यांची 'मनमौजी कलंदर' अशी प्रतिमा रूढ झाली. तथापि, त्यांनी लिहून दिलेल्या पाठांची विपुलता आणि नेटकेपणा पाहता त्या प्रतिमेमागे एक कष्टाळू अध्यापक होता, हे ध्यानात येते.

स्वरलेखनपद्धती

ओ'कीफ यांना प्रचलित पाश्चात्य स्वरलिपी अवगत होती. परंतु शेतावर राबणाऱ्या मुलांना ती शिकवण्यात वर्षे गेली असती. म्हणून त्यांनी पाच रेषांची तीच चौकट निराळ्या अर्थाने वापरली. पाच रेषांच्या मध्ये चार जागा असतात आणि फिडलला चार तारा असतात. प्रत्येक जागा एकेका तारेसाठी ठेवली, आणि त्या जागेत बोटाचा आकडा लिहिला. शून्य म्हणजे मोकळी तार, एक म्हणजे पहिले बोट, याप्रमाणे चारपर्यंत. आकडे वाचता येणारे कोणतेही मूल त्यावरून स्वरांची जागा पहिल्याच दिवशी शोधू शकत असे.

अकॉर्डियन शिकणाऱ्यांसाठी त्यांची वेगळी पद्धती होती. तीत बटणांना क्रमांक असत, आणि भाता दाबायचा की ओढायचा हे खुणेने दाखवलेले असे. हे वाद्य दाबताना एक आणि ओढताना दुसरा स्वर देते, त्यामुळे ही खूण आवश्यक ठरे.

या पद्धतीच्या मर्यादाही होत्या. आकड्यांवरून बोट कोठे पडावे हे कळते, पण गजाची चाल, लयीतील झोल आणि स्वरांभोवतीचे अलंकरण कागदावरून उचलता येत नाही. ते गुरूसमोर बसून, पाहून आणि ऐकूनच घ्यावे लागे. त्यामुळे कागद हा स्मरणाला आधार राहिला, आणि प्रत्यक्ष सहवासाचे महत्त्व कायम राहिले. दोन भेटींच्या मधल्या दिवसांत विद्यार्थी कागद समोर ठेवून सराव करी, आणि पुढच्या भेटीत गुरू त्यात प्राण भरत. ओ'कीफ यांनी असे असंख्य कागद लिहिले. बहुतेक धुना ते स्मरणातून थेट उतरवून देत असत.

वादनशैली

नृत्यसंगीतात ओ'कीफ यांचा गज जोरकस आणि ठाशीव होता. पोल्का आणि स्लाइड वाजवताना नाचणाऱ्याच्या पावलाला उठाव मिळावा, असा तालावरील आघात त्यात असे. एका वेळी दोन तारा छेडून ते धुनेला भरीवपणा आणीत. श्लीव लूखरात दोन फिडलवादक एकत्र बसले, की एकाने मूळ सप्तकात आणि दुसऱ्याने त्याखालच्या सप्तकात तीच धून वाजवण्याची रीत आहे. ओ'कीफ आणि त्यांच्या शिष्यांच्या ध्वनिमुद्रणांत या रीतीचे उत्तम नमुने ऐकायला मिळतात.

त्यांची खरी थोरवी मात्र संथ धुनांत दिसते, असे अनेक जाणकारांचे मत आहे. या धुना जुन्या आयरिश गीतांच्या चालींवर आधारलेल्या असून ठरावीक तालाच्या बंधनातून मोकळ्या असतात. कवी ओ'राहिली यांच्या समाधीच्या नावाने ओळखली जाणारी शोकधून त्यांच्या वादनामुळे विशेष प्रसिद्ध झाली. 'जॉनी कोप' या धुनेचे त्यांनी केलेले अनेक भागांचे विस्तृत रूपही गाजले.

त्यांचे वादन विनोदाला पारखे नव्हते. पाळणा हलवणाऱ्या म्हाताऱ्याविषयीची एक धून वाजवताना ते दाराची मोठी लोखंडी किल्ली दातांत धरत आणि तिचे टोक फिडलच्या घोडीला टेकवत. त्यामुळे नाद दबून रडणाऱ्या बाळाने आईला हाक मारावी तसा आवाज निघे.

ध्वनिमुद्रणे

१९२० आणि १९३० च्या दशकांत न्यूयॉर्कमध्ये मायकेल कोलमन, जेम्स मॉरिसन आदी स्लायगो काउंटीतील फिडलवादकांच्या तबकड्या निघाल्या आणि त्या आयर्लंडभर पोहोचल्या. ओ'कीफ यांची तबकडी त्या काळात निघाली नाही. त्यांचे वादन प्रथम टिपले गेले ते साठीच्या उंबरठ्यावर.

लोकसंगीताचे संग्राहक आणि स्वतः उत्तम पाइपवादक असलेले शेमस एनिस यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस आयरिश नभोवाणीसाठी त्यांचे वादन ध्वनिमुद्रित केले. पुढे एनिस बीबीसीच्या लोकसंगीत-संकलनाच्या कामात असताना १९५२ साली कॅसलआयलंड येथील एका मद्यगृहात पुन्हा ध्वनिमुद्रण झाले. त्यात ओ'कीफ यांच्यासोबत त्यांचे शिष्य डेनिस मर्फी आणि ज्युलिया क्लिफर्ड हे भाऊबहीणही होते. हे वादन १९७७ साली टॉपिक या कंपनीने 'केरी फिडल्स' या नावाने प्रकाशित केले. आयरिश नभोवाणीच्या संग्रहातील वादनाची स्वतंत्र सीडी १९९३ मध्ये निघाली. दोन्ही वेळा ते ऐकायला ओ'कीफ हयात नव्हते.

अखेरचे दिवस

ओ'कीफ यांच्या उत्तरायुष्यात त्यांच्या भोवतीचे जग पालटत होते. १९३५ च्या सार्वजनिक नृत्यगृह कायद्याने नाचाच्या कार्यक्रमांना परवाना आवश्यक केला, आणि त्याचा बडगा घरगुती नाचांवरही उगारला गेला. तरुण मंडळी मोठ्या संख्येने परदेशी जात होती. उरलेल्यांना रेडिओ आणि नव्या वाद्यवृंदांचे आकर्षण होते. शिकणारी घरे कमी झाली, तरी ओ'कीफ यांची पायपीट चालूच राहिली.

१९६२-६३ चा हिवाळा आयर्लंडमध्ये अत्यंत कडक होता. त्या बर्फाळ दिवसांत ग्लाउंटेनच्या घरी एकटे राहणारे ओ'कीफ आजारी पडले. त्यांना ट्रली येथील रुग्णालयात हलवण्यात आले, आणि फेब्रुवारी १९६३ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

शिष्यपरंपरा

ओ'कीफ यांचे सर्वांत ख्यातनाम शिष्य म्हणजे ग्नीवगिलाजवळील लिशीन येथील डेनिस मर्फी (१९१०–१९७४) आणि त्यांची बहीण ज्युलिया क्लिफर्ड (१९१४–१९९७). डेनिस यांनी काही वर्षे न्यूयॉर्कमध्ये काढली. ज्युलिया यांचे बरेच आयुष्य इंग्लंडमध्ये गेले आणि तेथील आयरिश वस्त्यांत त्यांनी केरीचे संगीत जागते ठेवले. या दोघांची 'द स्टार अबव्ह द गार्टर' ही ध्वनिमुद्रिका १९६९ मध्ये प्रकाशित झाली. श्लीव लूखराच्या शैलीची आयर्लंडभर ओळख होण्यात तिचा मोठा वाटा आहे. बॉस्टनला स्थायिक झालेले पॅडी क्रोनिन आणि स्कार्टाग्लिनचे माइकी डुगन हेही त्यांचे शिष्य होत.

या प्रत्येकाचे वादन परस्परांहून वेगळे होते. क्रोनिन यांनी अमेरिकेत स्लायगोची शैलीही आत्मसात केली, तर ज्युलिया यांनी गुरूची संथ धुनांची वाट पुढे नेली. सर्वांना एका साच्यात न बसवणे, हा त्यांच्या अध्यापनाचा विशेष यातून दिसून येतो.

मूल्यमापन आणि वारसा

तबकड्यांच्या प्रभावामुळे आयर्लंडच्या अनेक भागांतील स्थानिक ढंग विसाव्या शतकात फिके पडले, असे अभ्यासक सांगतात. दूरच्या नामवंतांचे अनुकरण करताना गावच्या वादकांना आपले वाजवणे गावंढळ वाटू लागले. श्लीव लूखराचा ढंग टिकून राहिला, याचे श्रेय बऱ्याच अंशी ओ'कीफ यांना दिले जाते. ज्या धुनांवर त्या परिसरातील लोक नाचत होते, त्याच त्यांनी घरोघरी शिकवल्या आणि लिहून ठेवल्या. त्यामुळे पुढच्या पिढीला आपले संगीत आपल्याच घरात, आपल्याच माणसाकडून मिळाले.

हयातीत त्यांना कोणताही मोठा सन्मान लाभला नाही. निधनानंतर स्कार्टाग्लिन येथे त्यांचा अर्धपुतळा उभारण्यात आला. कॅसलआयलंड येथे दरवर्षी ऑक्टोबरअखेरीस त्यांच्या नावाने पारंपरिक संगीताचा महोत्सव भरतो. आयरिश संगीताच्या बैठकींत वाजवल्या जाणाऱ्या कित्येक पोल्का आणि स्लाइड 'पॉड्रिग ओ'कीफची धून' याच नावाने ओळखल्या जातात. त्यांतील बहुतेक त्यांनी रचलेल्या नाहीत. शिकणाऱ्यांनी त्या ज्यांच्याकडून घेतल्या, त्यांचे नाव त्यांना चिकटले.

त्यांनी लिहून दिलेले अनेक कागद विद्यार्थ्यांच्या कुटुंबांनी जपून ठेवले असून त्यांतील काही धुना संकलित होऊन प्रसिद्ध झाल्या आहेत. चार जागा आणि शून्य ते चार हे आकडे एवढ्या सामग्रीवर लिहिलेले ते पाठ फिडल हाती घेतलेल्या नवशिक्याला आजही वाजवता येतात.