साने गुरुजी : आर्य-नागांची गोष्ट सांगणारा शिक्षक



साने गुरुजी म्हटले की आपल्याला ‘श्यामची आई’ आठवते. शाळेत रांगेत उभे राहून म्हटलेली त्यांची प्रार्थना आठवते. पण त्यांनी १९४० च्या सुमारास ‘आस्तिक’ नावाची एक कादंबरी लिहिली. ती आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचली असेल. मला विचाराल तर आजच्या दिवसांत त्यांचे हेच पुस्तक आधी वाचावे.

गोष्ट महाभारतातली आहे. राजा परीक्षिताचा नागाकडून मृत्यू झाला, म्हणून त्याचा मुलगा जनमेजय सर्पसत्र मांडतो आणि सापांना अग्नीत टाकू लागतो. आपण ती सापांची गोष्ट म्हणून ऐकली आहे. गुरुजींनी एकच बदल केला. नाग म्हणजे साप नव्हेत, नाग म्हणजे माणसे, असे ते सांगतात. हा एक बदल केल्याबरोबर सगळी गोष्ट अंगावर येते. मग तो यज्ञ उरत नाही, एका जमातीने दुसऱ्या जमातीचा केलेला संहार होतो. कादंबरीत वत्सला ही आर्य मुलगी नागानंद या नाग तरुणाशी लग्न करते आणि गावात कुजबुज सुरू होते. शेवटी हा द्वेष थांबवायला पुढे येतो तो आस्तिक. त्याचा पिता आर्य आणि माता नाग. दोन्ही रक्ते त्याच्यात एकत्र आली आहेत. अशा माणसाला कोणाविरुद्ध उभे करणार?

ही कादंबरी आली ते दिवसही ध्यानात घ्या. तिकडे जर्मनीत ज्यू लोकांचा केवळ जन्मावरून छळ चालला होता आणि इकडे आपल्या देशात हिंदू-मुसलमानांमधली दरी रुंदावत होती. अशा वेळी एक मराठी शिक्षक मुलांना समजेल अशा सोप्या भाषेत वंशद्वेषावर कादंबरी लिहितो, याचे मला फार मोल वाटते. (चांगल्या शोमरोनीचा दाखलाही एक रचलेली गोष्टच आहे, हे आपण कधीकधी विसरतो. ज्यांचा विटाळ मानायचा त्यांच्यातलाच एकजण प्रभूने त्या गोष्टीचा नायक केला.)

गुरुजी जन्मले ते मात्र वेशीच्या अलीकडे, म्हणजे मानाच्या बाजूला. पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात दापोली तालुक्यातील पालगड येथे झाला. घराणे खोतांचे, ब्राह्मणाचे; पुढे गरिबी आली. आई यशोदाबाई १९१७ साली वारल्या. दापोली, औंध, पुणे असे हालअपेष्टांत शिक्षण झाले. मग अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात ते शिकले आणि तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झाले. मीही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो आहे, म्हणून सांगतो, या विषयाचा माणूस पुस्तकांत सहज हरवतो. गुरुजी हरवले नाहीत. १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले, वसतिगृहाची जबाबदारी घेतली आणि मुलांच्या खोल्या झाडू लागले, त्यांचे कपडे धुऊ लागले. सहा वर्षांनी, १९३० साली, नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले.

तुरुंगाने त्यांना पुष्कळ दिले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडचे आणि इतर प्रांतांचे सत्याग्रही भेटले. एकाच देशाचे म्हणवणारे आपण, आणि शेजारी बसलेल्याची भाषा समजत नाही, याची त्यांना खंत वाटली. ते तमिळ शिकले आणि तिरुवळ्ळुवरांचा ‘कुरल’ त्यांनी मराठीत आणला. पुढे १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली, तिचे बीज इथलेच. प्रत्येक प्रांताने दुसऱ्याची भाषा शिकावी, गोष्टी वाचाव्यात, म्हणजे मनातली भिंत खाली येईल, असा त्यांचा विश्वास होता. आपल्या तारोडी, डोंगरी, उत्तनच्या परिसरात आज किती भाषा ऐकू येतात! बांधकामावर येणारा, भाजी विकणारा, भाड्याच्या खोलीत राहणारा माणूस कुठल्या गावचा, त्याच्या मुलाचे नाव काय, हे आपल्याला किती ठाऊक असते? आणि आपल्याआपल्यात? लग्न जुळवताना बाप्तिस्म्याच्या दाखल्याआधी मुलगी कोळ्यांची की शेतकऱ्यांची हे विचारणारी घरे अजून आहेत. मिस्सेला एका बाकावर बसतो तेव्हा हा प्रश्न कुठे जातो, कोण जाणे.

‘श्यामची आई’ त्यांनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहिली. त्यात एक म्हातारी महार बाई आहे. तिची लाकडाची मोळी खाली पडली आहे आणि शिवायचे नाही म्हणून कोणी हात लावत नाही. श्यामची आई त्याला सांगते, जा, मोळी उचलून दे आणि घरी येऊन आंघोळ कर. या आंघोळीपाशी मी दर वेळी थांबतो. गुरुजींना ती आंघोळ सहज गाळता आली असती. मग आई आणखी मोठी दिसली असती. त्यांनी ती गाळली नाही. आईने तिच्या काळात एक पाऊल टाकले, ते जेवढे होते तेवढेच त्यांनी लिहिले. पुढची पावले त्यांनी स्वतः चालायची ठरवली असावीत.

ती पावले त्यांना पंढरपुरात घेऊन गेली. विठ्ठलाच्या मंदिरात हरिजनांना प्रवेश नव्हता. ज्या चोखोबांचे अभंग वारीत गायचे, त्यांच्या वंशजांनी बाहेर थांबायचे! गुरुजी आधी महाराष्ट्रभर हिंडले, सभा घेतल्या आणि १ मे १९४७ रोजी पंढरपूरच्या तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषणाला बसले. खरी कसोटी पुढे होती. मंदिर खुले करण्याचे काम कायद्याने होतच आहे असे गांधीजींना कळवले गेले होते, आणि त्यांनी उपोषण सोडण्याची तार केली. ज्यांना गुरू मानले त्यांचीच आज्ञा! गुरुजींनी नम्रपणे नकार दिला. दहाव्या दिवशी, १० मे रोजी, मंदिराचे व्यवस्थापन तयार झाले आणि उपोषण सुटले.

पुढच्या वर्षी जानेवारीत गांधीजींचा खून झाला. खून करणारा मराठी आणि ब्राह्मण. गुरुजींनी एकवीस दिवस उपवास केला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक काढले, ते आजही पुण्याहून निघते. पण मन थकत चालले होते. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. पन्नास वर्षांचे होते.

हे लिहिणे टाळता आले असते. पण आपल्या घरांतही अशी दुःखे आहेत, आणि लोक काय म्हणतील म्हणून ती झाकली जातात. आज ख्रिस्तसभा अशा माणसांचा न्याय करत बसत नाही. त्यांच्या तारणाची आशा धरते, त्यांच्यासाठी प्रार्थना करते. कोणाच्या मनात असा काळोख दाटला असेल तर घरच्यांशी बोला, डॉक्टरांकडे जा, माझ्याकडे या. रात्री उशिरा आलात तरी चालेल.

१९५३ साली आचार्य अत्र्यांनी ‘श्यामची आई’वर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. गुरुजी तो पाहायला नव्हते. ‘आस्तिक’ अजून छापील मिळते. त्यांच्या इतर पुस्तकांइतकी तिची चर्चा होत नाही, पण पाने थोडी आहेत. दोन-तीन संध्याकाळी पुरतील.