नव्या टाकीतले मासे आणि विनोग्राद्स्कींचे जिवाणू

धाडमधल्या एखाद्या घरात मुलाच्या वाढदिवसाला काचेची माशांची टाकी आली, असे समजा. टाकी घासूनपुसून लख्ख केली, तळाशी रंगीत खडे टाकले, बोअरचे नितळ पाणी भरले आणि बुलढाण्याहून पिशवीतून आणलेले सहा गोल्डफिश सोडले. पहिले दोन दिवस सारे घर टाकीपुढे बसते. चौथ्या-पाचव्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. एक तरंगतो, मग दुसरा. पंधरा दिवसांत टाकी रिकामी होते आणि लेकरू हिरमुसते. कोणी म्हणते पाणी मानवले नाही, कोणी दुकानदाराला बोल लावते, कोणी नजर लागली म्हणते.

आरोग्य विभाग डासांच्या अळ्या खाण्यासाठी जे गप्पी मासे सोडतो, ते मात्र गावाबाहेरच्या हिरवट डबक्यात वर्षानुवर्षे जगतात. डबक्यात मासे जगतात आणि स्वच्छ टाकीत मरतात, हे कसे? याचे उत्तर ज्या संशोधनातून मिळाले, ते करणारे शास्त्रज्ञ म्हणजे सर्गेई विनोग्राद्स्की. त्यांनी ते काम माशांसाठी केले नव्हते. त्यांचा विषय होता माती.

विनोग्राद्स्की यांचा जन्म 1856 साली कीव्ह शहरात, एका सधन कुटुंबात झाला. तेव्हा हे शहर रशियन साम्राज्यात होते. तरुणपणी त्यांना संगीताची ओढ होती. 1875 मध्ये ते पियानो शिकण्यासाठी सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात दाखल झाले. दोन वर्षांत तो नाद सोडून त्यांनी तिथल्याच विद्यापीठात रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र शिकायला सुरुवात केली. 1885 मध्ये ते स्ट्रासबर्गला अँटोन डी बारी या नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञांकडे गेले.

तिथे त्यांनी गंधकयुक्त पाण्यात वाढणाऱ्या, पांढऱ्या धाग्यांसारख्या जिवाणूंचा अभ्यास केला. कुजक्या अंड्यासारखा वास असलेला वायू मिळाला की या जिवाणूंच्या शरीरात गंधकाचे कण साठत आणि तो वायू बंद केला की कण नाहीसे होत. विनोग्राद्स्की यांनी निष्कर्ष काढला की हे जिवाणू गंधक वापरून ऊर्जा मिळवतात. प्राणी अन्न खातात, वनस्पती सूर्यप्रकाशावर जगतात. पण निव्वळ खनिज पदार्थातून ऊर्जा मिळवणारे सजीवही आहेत, ही कल्पना त्या काळी अगदी नवी होती.

1888 मध्ये डी बारी वारले आणि विनोग्राद्स्की झुरिकला गेले. तिथे त्यांनी शेतीतले एक जुने कोडे हाती घेतले. शेणखत किंवा मूत्र जमिनीत पडले की त्यातून अमोनिया तयार होतो आणि काही दिवसांनी त्याचे नायट्रेट होते. पिके नत्र मुख्यतः याच रूपात घेतात. हा बदल कोण घडवते? 1877 मध्ये फ्रान्सच्या श्लोसिंग आणि म्युंत्झ या दोघांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी सोडून पाहिले होते. सुरुवातीचे सुमारे 20 दिवस काहीच घडले नाही, मग नायट्रेट दिसू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते थांबले. म्हणजे हे काम सजीवांचे होते. पण तो सजीव कोणाच्याच हाती लागत नव्हता.

इंग्लंडच्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात रॉबर्ट वॉरिंग्टन अनेक वर्षे त्याच्या मागे होते. त्यांच्या घराण्याचा माशांशी जुना संबंध होता. त्यांच्या वडिलांनी 1850 च्या सुमारास लंडनमध्ये काचेच्या भांड्यात गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाणी न बदलता मासे जगवण्याचे प्रयोग केले होते. वडिलांचे मासे ज्या जिवाणूंच्या आधाराने जगत असणार, त्यांनाच मुलगा मातीत शोधत होता. पण ते वेगळे काढण्यात त्याला यश आले नाही.

अडचण जिवाणू वाढवण्याच्या पद्धतीत होती. त्या काळी प्रयोगशाळेत जिलेटिनसारख्या पौष्टिक पदार्थावर जिवाणू वाढवत. त्यावर इतर जिवाणू भराभर माजत आणि हवे ते जिवाणू वाढतच नसत. विनोग्राद्स्की यांनी उलट मार्ग धरला. त्यांनी सेंद्रिय अन्न पूर्ण काढून टाकले. पाण्यात अमोनियाचा क्षार, थोडे फॉस्फेट आणि मॅग्नेशियम कार्बोनेट एवढेच ठेवले. नंतर जिलेटिनऐवजी सिलिकाची खनिज जेली वापरली. इतरांची उपासमार झाली आणि मातीतले हे संथ वाढणारे जिवाणू वेगळे मिळाले. 1890 आणि 1891 मध्ये त्यांनी दाखवून दिले की हे काम दोन टप्प्यांत होते. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा गट त्या नायट्राइटचे नायट्रेट करतो.

माशांच्या टाकीतही हेच दोन टप्पे घडतात. मासा कल्ल्यांमधून सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनिया तयार होतो. अमोनिया कल्ले जाळतो आणि नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेण्यास निकामी करते. पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो. त्याचे रक्त तपकिरी पडते. नायट्रेट त्या मानाने बरेच कमी घातक असते. जुन्या डबक्यात दगड, गाळ आणि शेवाळावर दोन्ही गटांचे जिवाणू नांदत असतात. नव्या लख्ख टाकीत ते जवळजवळ नसतात आणि पुरेसे वाढायला त्यांना चार ते सहा आठवडे लागतात. मासे मात्र पहिल्या दिवसापासून अमोनिया सोडतात. पाणी जितके गरम आणि अल्कधर्मी, तितका अमोनिया जास्त विषारी. उन्हाळ्यात बोअरच्या जड पाण्यात हा धोका वाढतो.

हिमोग्लोबिनचा हाच बिघाड लहान बाळांतही होतो. नायट्रेट जास्त असलेल्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात सहा महिन्यांखालील बाळाची दूध पावडर कालवली, तर शरीरात त्याचे नायट्राइट बनून बाळ निळसर पडू शकते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, म्हणून पाण्याची तपासणीच करावी लागते.

विनोग्राद्स्की 1891 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत परतले. तिथे त्यांनी हवेतला नत्र थेट वापरणारा एक जिवाणू शोधला आणि त्याला पाश्चर यांचे नाव दिले. 1905 मध्ये, पन्नाशीही पूर्ण झाली नसताना, ते संशोधनातून निवृत्त झाले आणि आपली शेतीवाडी पाहू लागले. 1917 च्या क्रांतीत सारे गेले. देश सोडून ते आधी स्वित्झर्लंडला, मग बेलग्रेडला गेले. 1922 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटने त्यांना बोलावले. तेव्हा त्यांनी पासष्टी गाठली होती. पॅरिसजवळच्या ब्री-कॉम्त-रॉबेर या गावी त्यांनी नव्याने प्रयोगशाळा मांडली आणि 1940 पर्यंत काम केले. मातीच्या जिवाणूंवरचा त्यांचा मोठा ग्रंथ 1949 मध्ये आला. 25 फेब्रुवारी 1953 रोजी त्याच गावी, वयाच्या 96 व्या वर्षी ते वारले.

पुढे त्यांच्या शोधात भर पडली. टाकीत नायट्राइट संपवणारे जिवाणू बहुतेक वेळा त्यांनी पाहिलेल्यांपेक्षा वेगळ्या जातीचे असतात, हे 1990 च्या दशकात कळले. 2015 मध्ये तर दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा जिवाणू सापडला. त्यातला एक नमुना मत्स्यपालनाच्या फिल्टरमधलाच होता.

आता वाढदिवसाच्या टाकीकडे येऊ. टाकी भरून फिल्टर आणि हवेचा पंप चार ते सहा आठवडे माशांविना चालू ठेवावा. रोज चिमूटभर खाद्य टाकावे, म्हणजे त्यातून अमोनिया तयार होऊन जिवाणूंना अन्न मिळते. ओळखीच्या कोणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला फिल्टरच्या स्पंजचा तुकडा किंवा मूठभर खडे मिळाले तर हा काळ बराच कमी होतो. चाचणी किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसू लागले की आधी दोन-तीनच मासे सोडावेत. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. आठवड्याला सुमारे पाव भाग पाणी बदलावे. ब्लीचिंग पावडर घातलेले नळाचे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मगच वापरावे, कारण क्लोरीन मासे आणि जिवाणू दोघांनाही मारतो. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा.

नव्या टाकीत मासे वर येऊन धापा टाकू लागले, तर खाद्य बंद करावे, हवा वाढवावी आणि त्याच दिवशी निम्म्यापर्यंत पाणी बदलावे. अशा वेळी आजार समजून टाकीत अँटिबायोटिक टाकू नये. ज्या जिवाणूंची वाट पाहायची, तेच त्याने मरतात आणि सारे पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करावे लागते.