लाइम रीजिसची मेरी ॲनिंग

गंडकी नदीतील शाळिग्राम तुम्ही कोणा शेजाऱ्याच्या देवघरात पाहिला असेल. त्या काळ्या गोट्यात पुष्कळदा जे वळ्यावळ्यांचे चक्र दिसते, तो ॲमोनाइट नावाच्या सागरी प्राण्याच्या शंखाचा ठसा होय. भूमीवर डायनोसॉर वावरत होते त्या युगात माकुळाचे हे दूरचे आप्त समुद्रात विपुल होते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम रीजिस गावच्या कड्यांतही ते सुमारे २० कोटी वर्षे दडून आहेत. गावकरी त्यांना सर्पशिळा म्हणत, आणि बंदुकीच्या गोळीसारख्या निमुळत्या बेलेम्नाइटांना सैतानाची बोटे. या सर्पशिळा वेचून घर चालविणाऱ्या एका स्त्रीची ही जीवनकथा आहे.

मेरी ॲनिंगचा जन्म २१ मे १७९९ रोजी झाला. वडील रिचर्ड सुतारकाम करीत व जोडीला जीवाश्म विकत. दहा भावंडांपैकी मेरी आणि जोसेफ ही दोनच जगली. कुटुंब काँग्रिगेशनल मंडळीचे होते. आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशन आले ते याच परंपरेतून. मेरी अक्षरे शिकली ती मंडळीच्या शब्बाथ शाळेत. तिने जिवापाड जपलेली वस्तू म्हणजे एका धार्मिक मासिकाचा बांधीव खंड. त्यात पाळक जेम्स व्हीटन यांचे दोन निबंध होते. एकात परमेश्वराने सहा दिवसांत सृष्टी घडविल्याचे प्रतिपादन होते, तर दुसऱ्यात आपल्या लोकांनी भूगर्भशास्त्र ही नवी विद्या अभ्यासावी असा आग्रह होता. दोन्ही एकाच लेखणीतून उतरले होते, हे ध्यानात घ्यावे.

१८१० मध्ये वडील कर्ज मागे ठेवून वारले. हिवाळी वादळांत कडे कोसळत, नवे जीवाश्म उघडे पडत, आणि लाटांनी ते ओढून नेण्यापूर्वी मेरीला तेथे पोहोचावे लागे. १८३३ साली अशाच एका दरडीखाली तिचा सोबती कुत्रा, ट्रे, तिच्या डोळ्यांदेखत गाडला गेला.

इक्थिओसॉर व प्लेसिओसॉर या प्रचंड सागरी सरीसृपांच्या सांगाड्यांनी तिला कीर्ती दिली, हे अनेकांस ठाऊक असते. मला मात्र तिची बुद्धी अधिक दिसते ती त्या सैतानाच्या बोटांत. १८२६ साली एका बेलेम्नाइटमध्ये तिला सुकलेल्या शाईची पिशवी आढळली. आजच्या माकुळांची चिरफाड करून तिने त्यांची रचना अभ्यासली होती. म्हणून ते साम्य तिने ओळखले आणि भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम बकलंड यांच्या निदर्शनास आणून दिले. तिची मैत्रीण एलिझाबेथ फिलपॉट हिने ती शाई पुन्हा पातळ करून तिने जीवाश्मांची चित्रे रेखाटली. कोट्यवधी वर्षांची शाई, वाचकहो, आणि ती कागदावर उमटली!

मेरी स्त्री होती, गरीब होती, शिवाय राज्यमान्य मंडळीबाहेरची. १८२४ मध्ये विल्यम कॉनिबेअर यांनी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे तिच्या प्लेसिओसॉरचे वर्णन केले. तिचे नाव मात्र उच्चारले नाही. हे गृहस्थ दीक्षित धर्मोपदेशक होते, याचे अधिक वाईट वाटते. बकलंडही धर्मोपदेशकच, पण १८२९ मध्ये त्यांनी तिचे श्रेय तिला दिले. १८३५ पासून तिला वर्षाला २५ पौंड मिळू लागले.

पुढे ती अँग्लिकन मंडळीत गेली. अखेरच्या वर्षांत स्तनाच्या कर्करोगाच्या वेदना शमविण्यासाठी ती अफूचा अर्क घेई. गावात काहींनी तिला मद्यपी ठरविले. ९ मार्च १८४७ रोजी, ४७ व्या वर्षी ती निवर्तली.

१८५० मध्ये सोसायटीच्या सभासदांनी गावच्या सेंट मायकेल चर्चमध्ये तिच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी बसविली. तीत भुकेल्यांना अन्न देणे, आजाऱ्यांची भेट घेणे अशी दयेची सहा कृत्ये चितारली आहेत. त्या सोसायटीने स्त्रियांना सभासदत्व दिले ते १९१९ साली.